छापलेली, शिल्लक असलेली आणि तरीही न मिळणारी पुस्तके : ‘स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्यूशन’चे प्रकरण

२८ मार्च २०२४, गुरुवार. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील बर्कली येथील ‘स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्यूशन’ (यापुढे एसपीडी) या संस्थेने त्या दिवशी एक निवेदन काढून आपले काम तात्काळ थांबत असल्याचे जाहीर केले. छोट्या, स्वतंत्र साहित्यिक प्रकाशकांची पुस्तके दुकानांत, ग्रंथालयांत आणि महाविद्यालयांत पोहोचवणारी ही ना-नफा वितरणसंस्था पंचावन्न वर्षे चालली होती, आणि ती मिटली तेव्हा सुमारे ४०० प्रकाशनसंस्था तिच्यावर विसंबून होत्या. त्यांपैकी अनेकांना ही बातमी आधी समाजमाध्यमांवरच्या कुणाच्या तरी नोंदीतून कळली. अमेरिकेत १९९६ पासून एप्रिल हा ‘राष्ट्रीय कविता महिना’ म्हणून साजरा होतो. कवितेच्या पुस्तकांना वर्षभरात जी काही उठाव येण्याची आशा असते ती याच महिन्यात असते, आणि तो सुरू व्हायला तेव्हा जेमतेम तीन दिवस उरले होते.

एखादे वाङ्मयीन मासिक बंद पडले की त्यावर लेख येतात, जुन्या अंकांच्या आठवणी निघतात, संपादकाचा सत्कारही होतो. वितरक बुडाला तर कुणी हळहळत नाही, कारण वाचकाच्या हातातल्या पुस्तकावर त्याचे नाव बहुधा कुठेच नसते. म्हणूनच या प्रकरणाकडे नीट पाहणे मला आवश्यक वाटते. एसपीडीच्या बंद होण्याने एकही पुस्तक जळाले नाही, एकाही पुस्तकावर बंदी आली नाही, एकाही कवीने लिहिणे सोडले नाही. तरीही हजारो पुस्तके एका दिवसात बाजारातून नाहीशी झाली. प्रती होत्या, गिऱ्हाईक होते, मधला माणूस तेवढा उरला नव्हता.

वितरक नेमके काय करतो

१९६९ मध्ये बर्कलीतल्या पुस्तकविक्रेत्यांच्या पुढाकाराने हे काम सुरू झाले, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवतीच्या त्या टापूत कवी स्वतःच एकमेकांची पुस्तके छापत होते. दोघाचौघांनी चालवलेली प्रकाशने, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये ठेवलेले छपाईयंत्र आणि पाचशे-हजारांची आवृत्ती असा तो संसार होता. अशा प्रत्येक प्रकाशनाचे स्वतंत्र खाते उघडणे कोणत्याही दुकानदाराला परवडत नाही. चार प्रतींसाठी एक बिल, एक पार्सल, एक पत्र, आणि सहा महिन्यांनी त्यातल्या दोन प्रती परत करायच्या तर आणखी एक पार्सल आणि आणखी एक पत्र! दुकानदाराला हवे असते ते एकच खाते, ज्यावर चाळीस प्रकाशकांची पुस्तके मागवता यावीत आणि ज्याचे बिल महिन्याकाठी एकदाच यावे. प्रकाशकाला हवा असतो तो असा कुणी, जो गठ्ठे साठवील, सूचिपत्र काढील, पुस्तकाची नोंद दुकानांच्या आणि ग्रंथालयांच्या यंत्रणेत करील, वसुली करील आणि ठरलेल्या मुदतीने हिशेब धाडील. एसपीडी हे सारे करत असे. मुख्य म्हणजे, वर्षाकाठी ठरावीक उलाढाल नसेल तर मोठे वितरक ज्या प्रकाशकांना दारातूनच परत पाठवतात, त्यांनाही ती घेत असे.

हे किती कठीण असते याचा थोडा अनुभव प्रस्तुत लेखकाच्याही पदरी आहे. काही वर्षे आम्ही चौघे मित्र मिळून एक छोटा दिवाळी अंक काढत होतो. अंकाचे गठ्ठे सुतळीने बांधायचे, वर पुठ्ठा लावून स्केचपेनने गावाचे नाव लिहायचे, एसटीच्या पार्सल खिडकीवर रांग लावून पावती घ्यायची आणि ती पावती विक्रेत्याला पाठवायची, इथपर्यंतचे काम उत्साहात होत असे. खरी कसोटी पाडव्यानंतर लागे. ‘किती गेले?’ या प्रश्नाला ‘बघून सांगतो’ हे उत्तर माघापर्यंत मिळत राही. एका गावच्या विक्रेत्याने तर तिसऱ्या वर्षी मागच्या दोन्ही वर्षांचे न उघडलेले गठ्ठे सुतळीच्या मूळ गाठींसह परत पाठवले. त्या गाठी मी बांधल्या होत्या, म्हणून ओळखल्या. लेखन, संपादन, मुद्रितशोधन यांत आम्ही कुठे कमी पडलो असे वाटत नाही. अंक बंद पडला तो हिशेबाच्या आणि पार्सलांच्या ओझ्याने. ज्यांनी कधी गठ्ठे बांधले नाहीत त्यांना वितरण ही लेखनानंतरची किरकोळ बाब वाटते, आणि अमेरिकेतही अशांची संख्या कमी नसावी.

आकडेमोड

एसपीडीचे दुखणे समजण्यासाठी कागदावर एक साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, कवितासंग्रहाची किंमत १८ डॉलर आहे. दुकानदार ४० टक्के कमिशन घेतो, म्हणजे ७.२० डॉलर त्याचे. उरलेल्या १०.८० डॉलरांपैकी निम्मे वितरकाने ठेवले, असे धरू, त्याचे ५.४० आणि प्रकाशकाचे ५.४०. पाचशे प्रतींच्या आवृत्तीत एक प्रत छापायला चार डॉलर पडले, तर प्रकाशकाच्या हाती १.४० डॉलर राहतात, आणि त्यातूनच कवीचे मानधन, मुखपृष्ठ आणि गोदामापर्यंतची वाहतूक भागवायची असते. इथवर प्रकाशकाची कीव येते आणि वितरक गबर झाला असेल असे वाटते. पण आता वितरकाच्या बाजूने पाहा. हे पुस्तक वर्षाला चाळीस प्रती खपत असेल, तर वितरकाची त्या पुस्तकामागची वर्षाची मिळकत २१६ डॉलर होते. त्यात त्याने वर्षभर फळीवर जागा द्यायची, सूचीत नोंद ठेवायची, एक-एक, दोन-दोन प्रतींची पार्सले बांधायची, परत आलेल्या प्रती तपासून पुन्हा जागेवर लावायच्या आणि प्रकाशकाला हिशेब द्यायचा. कॅलिफोर्नियातला पगार आणि गोदामाचे भाडे लक्षात घेता हे गणित कोणत्याही वर्षी सुटणारे नव्हते. ते पंचावन्न वर्षे सुटत राहिले, कारण तूट दुसरीकडून भरून निघत होती.

ती दोन ठिकाणांहून भरून निघत होती, असे माझे मत आहे. पहिले ठिकाण उघड होते : सरकारी आणि खासगी अनुदाने व देणग्या. बंद होताना दिलेल्या निवेदनात संस्थेने अनेक वर्षांची घटती विक्री आणि जवळजवळ सर्व अनुदानांचा आधार गमावणे ही कारणे सांगितली. दुसरे ठिकाण तितके उघड नव्हते. २०२० च्या अखेरीस एका माजी कर्मचाऱ्याने संस्थेत मिळणारी वागणूक आणि वेतन यांबाबत गंभीर आरोप करणारे लेखन प्रसिद्ध केले, त्यावर मोठा गदारोळ झाला, अनेक प्रकाशकांनी जाहीरपणे जाब विचारला आणि त्यानंतर संस्थेच्या नेतृत्वात बदल झाला. त्या आरोपांचा तपशीलवार निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण साहित्यसेवेच्या नावाखाली चालणाऱ्या संस्थांत ‘काम आवडीचे आहे ना, मग पगार थोडा कमी’ हे सूत्र सर्रास चालते, हे ज्याने कोणत्याही वाङ्मयीन संस्थेचे कार्यालय आतून पाहिले आहे त्याला सांगावे लागणार नाही. विक्रीतून न निघणारा खर्च गोदामातल्या माणसाच्या पगारातून निघत असेल, तर तेही एक प्रकारचे अनुदानच असते. फरक इतकाच की देणाऱ्याचे नाव आभाराच्या पानावर छापले जात नाही. कर्मचाऱ्यांना न्याय्य वेतन देणे भागच होते, आणि ते दिल्यावर तूट वाढणेही अटळ होते. अनुदाने याच सुमारास आटली. वादामुळे किती देणगीदार दुरावले आणि एरवीही किती दुरावले असते, हे वेगळे काढता येणार नाही.

शेवटचा उपाय

संस्थेने हातपाय हलवले नाहीत, असे म्हणता येत नाही. बर्कलीच्या सेव्हन्थ स्ट्रीटवरचे स्वतःचे गोदाम सोडायचे, माल बाहेरच्या साठवणूकदारांकडे हलवायचा आणि आपण केवळ विक्री, प्रसिद्धी व प्रकाशकांशी व्यवहार इतकेच पाहायचे, अशी नवी योजना तिने आखली. स्थलांतराच्या खर्चासाठी लोकांकडून वर्गणीही गोळा केली. सुमारे तीन लाख प्रती ‘इन्ग्रॅम’ या अमेरिकेतल्या बलाढ्य पुस्तक-वितरण कंपनीकडे आणि ‘पब्लिशर्स स्टोरेज अँड शिपिंग’ या साठवणूक कंपनीकडे रवाना झाल्या. माल हलला, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत संस्था मिटली.

या योजनेचे कागदावरचे तर्कशास्त्र पटण्यासारखे होते. यंत्रांनी चालणाऱ्या मोठ्या गोदामात एका पार्सलामागचा खर्च कमी येतो, हे खरे आहे. पण ज्या पुस्तकाच्या पाच हजार प्रती खोक्याखोक्यांनी जातात त्याला हे गणित लागू पडते. ज्याच्या महिन्याला तीन प्रती जातात, त्याच्या बाबतीत जुन्या गोदामातल्या माणसाला कोणते पुस्तक कोणत्या फळीवर आहे हे तोंडपाठ असणे, हीच खरी बचत होती. शिवाय स्थलांतराच्या काळात विक्री मंदावते, प्रती वाटेत अडकतात, नोंदी जुळत नाहीत. हे कोणत्याही गोदामात होते आणि होणारच. आधीच तोळामासा झालेल्या प्रकृतीच्या संस्थेने हा धोका पत्करणे म्हणजे दमेकऱ्याने गड चढायला निघण्यासारखे होते. अर्थात न चढता जागीच राहिली असती तर ती आणखी किती दिवस तगली असती, हाही प्रश्न आहेच. माझ्या अंदाजाने फार नाही.

प्रकाशकांची रास्त तक्रार योजनेबद्दल नाही, ती मौनाबद्दल आहे. संस्था मिटण्याच्या सात आठवडे आधी, फेब्रुवारीत, अमेरिकेतल्या लेखक-अध्यापकांचे आणि छोट्या प्रकाशकांचे मोठे वार्षिक संमेलन कॅन्सस सिटीत भरले होते. चारशे प्रकाशकांना तेव्हा, किंवा निदान महिनाभर आधी, ‘नवा माल पाठवू नका’ एवढे कळले असते तर पुढचे नुकसान पुष्कळ आटोक्यात राहिले असते. बुडणाऱ्या संस्थेची अडचण अशी की संकटाची कुजबुज झाली तरी दुकाने मागणी थांबवतात आणि प्रकाशक माल काढून घेतात, म्हणजे बुडणे आणखी लवकर होते. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत सारे सुरळीत असल्याचे दाखवावे लागते. हे समजण्यासारखे आहे. क्षम्य आहे की नाही, हे ज्यांचे पैसे अडकले त्यांनी ठरवावे.

दुसऱ्या दिवशी

२९ मार्चला एखाद्या दोन माणसांच्या प्रकाशनाच्या टेबलावर काय चित्र असेल, ते पाहू. माल दूरच्या राज्यातल्या, आपण कधी न पाहिलेल्या गोदामात आहे आणि तो परत हवा असेल तर त्या गोदामाशी परस्पर बोला, असे सांगण्यात आले आहे. दुकानांकडून वसूल होऊन वितरकाकडे जमा झालेले पैसे प्रकाशकाला मिळायचे राहिले आहेत, आणि संस्था विसर्जित होत असल्याने प्रकाशक आता भागीदार राहिलेला नाही, तो इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत उभा आहे. दुकानांच्या संगणकावर पुस्तकापुढे पुरवठादार म्हणून अजून एसपीडीचेच नाव आहे, म्हणून मागणी नोंदवली जाते आणि ती कुठेच पोहोचत नाही. तिकडे कविता महिन्याचे वाचन ठरलेले आहे, आणि आयोजक दुकानदार विचारतो आहे : वीस प्रती कुठून मागवू?

पैशांचे नुकसान लगेच दिसते, म्हणून चर्चा त्याचीच अधिक झाली. माझ्या मते त्याहून खोल इजा पुरवठादाराच्या त्या एका नोंदीमुळे झाली. छोट्या प्रकाशकांनी आपला माल, आपली येणी आणि आपल्या पुस्तकांची बाजारातली ओळख या तिन्ही गोष्टी एकाच खुंटीला टांगल्या होत्या. माल परत मागवता येतो, येणे बुडीत खाती टाकता येते. पण प्रत्येक पुस्तकाची नोंद नव्या पुरवठादाराच्या नावे बदलून ती शेकडो दुकानांच्या यंत्रणांत उमटेपर्यंत महिने जातात, आणि तोवर पुस्तक ‘उपलब्ध नाही’ या पाटीखाली पडून राहते. आदल्या वर्षी निघालेल्या संग्रहाच्या वाट्याला आलेले हे महिने पुन्हा येत नाहीत. परीक्षणे, पुरस्कारांच्या याद्या, अभ्यासक्रमातली निवड, हे सारे पहिल्या दीड वर्षात होऊन जाते.

असे पहिल्यांदाच घडले, असेही नाही. २९ डिसेंबर २००६ रोजी ‘ॲडव्हान्स्ड मार्केटिंग सर्व्हिसेस’ या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा तिच्या मालकीची ‘पब्लिशर्स ग्रुप वेस्ट’ ही वितरणसंस्थाही तिच्यासोबत ओढली गेली. ही संस्थाही बर्कलीचीच. नाताळच्या हंगामाची, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या विक्रीची, शंभरावर स्वतंत्र प्रकाशकांची येणी तिच्यात अडकली. त्या वेळी ‘पर्सियस’ या समूहाने पुढे येऊन, करार आमच्याकडे वळवा, थकलेल्या प्रत्येक डॉलरमागे ७० सेंट देतो, असा प्रस्ताव ठेवला आणि बहुतेकांनी तो स्वीकारला. तरीही ‘मॅकस्वीनीज’सारख्या गाजलेल्या प्रकाशनसंस्थेला सुमारे १ लाख ३० हजार डॉलरची खोट बसली आणि ती भरून काढायला तिने वाचकांसाठी हस्तलिखिते, चित्रे आणि दुर्मीळ प्रतींचा लिलाव मांडला. २०२४ मध्ये असा कुणी ७० सेंटवाला पुढे आला नाही. येण्याचे कारणही नव्हते : २००६ मध्ये बुडालेल्या संस्थेचे प्रकाशक नफ्यात चालणारे होते, ते मिळवणे हा सौदा होता, एसपीडीच्या प्रकाशकांचे करार फुकट मिळाले तरी व्यापारी वितरकाला नकोच होते.

पुढे २०१६ मध्ये पर्सियसचा वितरणाचा सगळा व्यवसाय इन्ग्रॅमने विकत घेतला. त्यात पब्लिशर्स ग्रुप वेस्ट तर होतीच, पण मिनियापोलिसची ‘कन्सोर्शियम’ ही साहित्यिक प्रकाशकांची जुनी वितरणसंस्थाही होती. परिणामी एसपीडी मिटल्यावर ज्या पर्यायांची नावे घेतली जात होती, त्यांतली बरीचशी एकाच छत्राखालची होती. दुकान बदलले तरी मालक तोच.

ज्यांनी हात दिला

‘कम्युनिटी ऑफ लिटररी मॅगझिन्स अँड प्रेसेस’ ही वाङ्मयीन नियतकालिकांची आणि प्रकाशनांची देशव्यापी संघटना १९६७ पासून काम करते. तिने या पडझडीत प्रकाशकांना एकत्र आणणे, पर्यायी वितरकांची माहिती जमवणे, सल्ला देणे ही कामे केली. पैसा तिच्यापाशीही नव्हता, पण एकट्या पडलेल्या चारशे संपादकांना एका जागी बोलता येणे, हेही त्या आठवड्यात थोडे नव्हते.

खरा नवा मार्ग काढला तो सिएटलच्या ‘ॲस्टरिझम बुक्स’ने. छोट्या प्रकाशकांनीच काही वर्षांपूर्वी उभी केलेली ही वितरणसंस्था दुकानदारांना आणि वाचकांना एकाच संकेतस्थळावरून थेट पुस्तके विकते. मधल्या ठोक व्यापाऱ्यांची साखळी वगळल्यामुळे दर प्रतीमागे वाटेत झिरपणारी रक्कम कमी होते, आणि वाचकाने पूर्ण किंमत देऊन घेतलेली प्रत दुकानातल्या कमी पैशांच्या प्रतीचा भार थोडा हलका करते. एसपीडीचे अनेक प्रकाशक तिच्याकडे गेले. या पद्धतीलाही मर्यादा आहे : दुकानदाराला आपल्या नेहमीच्या ठोक खात्याबाहेर जाऊन आणखी एक खाते उघडावे लागते, आणि ज्या दुकानात कवितेचे वेड असलेला कुणी कामाला आहे तिथेच हे घडते. १९६९ मध्येही बर्कलीत हेच होते. दुकानातला वेडा माणूस आधी, व्यवस्था मागून.

काही प्रकाशकांनी वितरकाचा नादच सोडला आणि मागणीनुसार छपाईकडे वळले. साठाच नाही, म्हणून साठा अडकण्याची भीतीही नाही. पण छपाईही मोठ्या प्रमाणावर त्याच इन्ग्रॅमच्या ‘लायटनिंग सोर्स’मध्ये होते, आणि हाताने शिवलेल्या, वेगळ्या कागदावर काढलेल्या पुस्तकिकांना तिथे जागा नाही. छोट्या प्रकाशनांचे सौंदर्य पुष्कळदा कागद, शिवण आणि आकार यांतच असते; ते गेले तर काय उरते, हा प्रश्न मला तरी गौण वाटत नाही.

त्यानंतरच्या घडामोडींनी सुटकेचा निःश्वास टाकू दिलेला नाही. २ मे २०२५ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ या संघराज्य शासनाच्या संस्थेने आधी मंजूर केलेली अनुदाने रद्द करत असल्याची पत्रे धाडायला सुरुवात केली, आणि त्यांत कितीतरी वाङ्मयीन नियतकालिके व ना-नफा प्रकाशने सापडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘बेकर अँड टेलर’ या १८२८ पासूनच्या, ग्रंथालयांना पुस्तके पुरवणाऱ्या प्रमुख व्यापारी संस्थेने गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. ज्या छोट्या प्रकाशकांनी एसपीडीनंतर दीड वर्षात आपल्या नोंदी नव्या पुरवठादाराच्या नावे एकेक करून बदलून घेतल्या होत्या, त्यांच्यापुढे ग्रंथालयांच्या पुरवठ्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. आणि नोंदीतल्या पुरवठादाराच्या रकान्यात आता कुणाचे नाव भरायचे, हे विचारणारी पत्रे लिहिण्याचे काम त्याच दोन माणसांनी, त्याच टेबलावर, पुन्हा सुरू केले.